पेन्शन परवडत नाही, असं अण्णा म्हणतात

सरकारी पेन्शन राज्याला परवडत नाही, हे वाक्य आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा म्हणणारा माणूस स्वतः सरकारी पेन्शन घेतो. माझे सासरे, अण्णा. कळव्याच्या आमच्या घरात पेपर आधी त्यांच्या हातात जातो. तूट, कर्ज, अर्थसंकल्प असलं काही दिसलं की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "सूनबाई, हे काही फार दिवस चालायचं नाही." मी अकाउंट्समधली, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला. मुलाशी ते फक्त क्रिकेटवर बोलतात.

अण्णा महसूल खात्यात होते. तेव्हाचा ठाणे जिल्हा केवढा तरी मोठा. पालघर वेगळा झाला २०१४ साली, त्याआधी जव्हार, मोखाडा, डहाणू सगळं ठाण्यातच. जव्हारला बदली झाली की सासूबाईंचा चेहरा कसा व्हायचा, ते अण्णा अजून करून दाखवतात. शेवटची वर्षं ठाण्याच्या मामलेदार कचेरीत गेली, शेजारची मिसळ खात खात. १९९८ साली अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले.

मूळ पेन्शन बसली सव्वातीन हजारांच्या आसपास. त्यातला तिसरा हिस्सा त्यांनी विकला, म्हणजे पुढची पंधरा वर्षं तेवढी कमी पेन्शन घ्यायच्या बोलीवर एकरकमी पैसे उचलले. या घराची उरलेली रक्कम त्यातून भागली. पंधरा वर्षांनी तो हिस्सा परत सुरू झाला. मधे सहावा आयोग आला, मग सातवा. सातव्यात जुन्या पेन्शनला २.५७ ने गुणलं. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो, ऐंशीनंतर थोडी वेगळी वाढ. आज हे सगळं धरून महिन्याला तीसेक हजार जमा होतात. पस्तीसेक वर्षं नोकरी आणि आता सत्तावीस वर्षं पेन्शन. अण्णांची तब्येत बघता दोन्ही आकडे बरोबरीला येतील, आणि यावेत. त्यांच्यामागे सासूबाईंना या पेन्शनच्या साठेक टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल.

या तीस हजारांत दोघांची औषधं भागतात, बाईचा पगार जातो, नातवाला वाढदिवसाला पाचशेची नोट मिळते. आणि मुख्य म्हणजे दोघंही आमच्याकडे हात पसरत नाहीत. सासूबाई मला ठणकावून सांगू शकतात, "माझ्या पैशाने आणलंय, तू बोलू नकोस." हे ज्या घरात आहे त्या घरात म्हातारपण वेगळं असतं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, बाईला सासऱ्याची पेन्शन डोळ्यांत खुपते.

तर परवडण्याबद्दल. अण्णांच्या पगारातून पेन्शनसाठी एक रुपयाही कधी कापला गेला नाही. प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा, पण ती त्यांचीच बचत, ती त्यांना व्याजासकट परत मिळाली. पेन्शनसाठी सरकारनेही दरमहा काही बाजूला ठेवलं नाही. अण्णांची पेन्शन आज जिथून येते त्याला सरकारी हिशेबात लेखाशीर्ष २०७१ म्हणतात, 'निवृत्तिवेतन आणि इतर निवृत्ती लाभ'. यंदा जमा झालेल्या करातून यंदाच्या पेन्शनी. पुढच्या वर्षी पुढच्या करातून. मागे कुठलाही फंड नाही. कमावती माणसं जास्त आणि निवृत्त कमी होते तोवर कुणाला काही जाणवलं नाही. मग माणसं जास्त जगायला लागली, ही चांगलीच गोष्ट झाली, आणि २०७१ फुगत गेलं.

मी रबाळ्याच्या एका खासगी कंपनीत हिशेब बघते. दर मार्चअखेर आमच्याकडे एक काम ठरलेलं असतं. सगळ्या कर्मचाऱ्यांची वयं, पगार आणि नोकरीची वर्षं अ‍ॅक्च्युअरीकडे पाठवायची. तो गणित करून सांगतो की आजवर झालेल्या नोकरीपोटी तुम्ही या माणसांचं ग्रॅच्युइटीचं एवढं देणं लागता. ती रक्कम ताळेबंदात दाखवावीच लागते, माणूस वीस वर्षांनी निवृत्त होणार असला तरी. आमचे मालक दरवर्षी कुरकुरतात, "आत्ता द्यायचे नाहीत तर आत्ता कशाला दाखवायचे?" दरवर्षी ऑडिटर त्यांना तेच उत्तर देतात: काम आत्ता करून घेतलंत म्हणून.

सरकारचे हिशेब रोखीवर चालतात. पैसा गेला त्या वर्षी खर्च. १९६५ साली जव्हारच्या कचेरीत अण्णांनी सातबारा उतरवून काढले, तेव्हाच त्या कामाच्या मोबदल्याचा एक तुकडा पुढे ढकलला गेला होता. तो त्या साली कुठेच लिहिला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात हेच तर सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून कमावलेला हक्क आहे. पेन्शनर मंडळी ती तारीख पेन्शनर्स डे म्हणून पाळतात. हक्क मान्य झाला हे उत्तमच. पण देणं आहे असं न्यायालयाने सांगितल्यावरही ते देणं नोंदवायची, त्यासाठी पैसे साठवायची तसदी कुणी घेतली नाही.

आमच्या सोसायटीत हेच झालंय. मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा सिंकिंग फंड पंचवीस वर्षं नावापुरता. मेंटेनन्स कमी ठेवला म्हणून सगळे कमिटीवर खूश. आता गच्ची गळते, पिलर सोलले गेलेत, आणि मागच्या वर्षी फ्लॅट घेतलेल्या जोडप्याला लाखाच्या घरात वर्गणी आली. ते विचारतात, गच्ची काय आम्ही वापरली? त्यांना उत्तर द्यायला कमिटीतलं कुणी जागेवर नसतं.

महाराष्ट्राने हे ओळखलं ते ३१ ऑक्टोबर २००५ ला. त्या दिवशी शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्याच दिवसापासून, १ नोव्हेंबर २००५ पासून, नोकरीत येणाऱ्यांची पेन्शन बंद. त्याऐवजी परिभाषित अंशदान योजना, सगळे डीसीपीएस म्हणतात ती. पुढे ती राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, गेली. केंद्राने आधीच, १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदलं सोडून बाकीच्यांना एनपीएसमध्ये टाकलं होतं. कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के, सरकारचा हिस्सा आधी तेवढाच, नंतर १४ टक्के. निवृत्तीला साठलेल्या रकमेतले साठ टक्के हातात, चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे नियमित पेन्शन, घ्यायची. ती किती मिळेल ते बाजार ठरवणार, आणि तिच्यावर महागाई भत्ता नाही.

माझा धाकटा भाऊ २००८ साली सरकारी नोकरीत लागला. आईने पेढे वाटले. पेन्शनची नोकरी म्हणून वाटले. ही पेन्शनची नोकरी राहिलेली नाही हे तिला सांगायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही. बरं, नवी योजना तरी नीट राबवावी! त्याची पहिली नेमणूक ज्या खात्यात होती तिथे दहा टक्के दरमहा नेमाने कापले जात, पण कितीतरी वर्षं त्याची पावतीच मिळाली नाही. सरकारी हिस्सा जमा झाला का, कुठे, कुठल्या व्याजाने, काही पत्ता नाही. हिशेब जुळवायला तो अर्ज करत राहिला, मी एक्सेल करत राहिले. या एका गोष्टीने जेवढं नुकसान केलं तेवढं शेअर बाजाराने केलं नसेल. ज्या योजनेचा सगळा आधारच 'दरमहा पैसे बाजूला' हा, तिच्यात पैसे बाजूला पडले की नाही हेच कळत नसेल तर माणूस म्हणणारच, जाऊ दे, आम्हाला जुनीच द्या.

आता त्याचं ऑफिस बेलापूरला आहे. त्याच्या समोरच्या टेबलावरचा सहकारी त्याच्याच आगेमागे नोकरीला लागला. पण त्याच्या पदाची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती, भरती रखडली म्हणून नेमणूक उशिरा झाली. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने अशा सुमारे २६ हजार लोकांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. त्या सहकाऱ्यावर अन्याय झाला होता आणि तो दूर झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोघं एकाच डब्यातून जेवतात, एकच फाइल पुढे-मागे करतात. तेव्हाच्या नियमाने एकाला निवृत्तीनंतर निम्मा पगार भत्त्यासह, दुसऱ्याला बाजार देईल ते. भाऊ हसून म्हणतो, "ताई, त्याची जाहिरात चांगल्या मुहूर्तावर निघाली."

मार्च २०२३ चा संप आठवतो का? १४ तारखेपासून आठवडाभर. सतराएक लाख कर्मचारी, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. भाऊही टोपी घालून बसला होता. त्याआधी तीन महिने, डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सभागृहात सांगितलं होतं की जुनी पेन्शन दिली तर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. संप मिटला तो समिती नेमून. मग १ मार्च २०२४ पासून लागू होणारी सुधारित योजना आली: शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. त्याच ऑगस्टच्या २४ तारखेला केंद्राने अशाच निम्म्या पगाराच्या हमीची, पण पैसे साठवून द्यायची एकीकृत पेन्शन योजना, यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पहिलं राज्य म्हणून पाठही थोपटून घेतली. दिवाळखोरीपासून पाठ थोपटण्यापर्यंत वीस महिने लागले. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती, हे आपलं सहज सांगितलं.

संपाच्या त्या आठवड्यात ठाण्यातल्या माझ्या ओळखीच्या पांढरपेशा, खासगी नोकरीतल्या लोकांनी काय काय म्हटलं! 'यांना कामं करायला नकोत, पेन्शन मात्र हवी.' उलट बाजूने भावाच्या ग्रुपवर आमदारांच्या पेन्शनीचे मेसेज फिरत होते, एका टर्मवर दरमहा पन्नास हजार. तो मुद्दा चीड येण्यासाठी अगदी योग्य आहे. पण सगळ्या माजी आमदारांची पेन्शन बंद केली तरी २०७१ च्या आकड्यावर ओरखडाही उमटणार नाही, हे मी भावाला सांगितलं आणि दोन दिवस त्याने माझा फोन घेतला नाही.

राज्याचे पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज, एवढ्यातच महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा संपतो. रस्ते, दवाखाने, धरणं सगळं उरलेल्यातून. त्यामुळे 'परवडत नाही' ही नुसती थाप नाही. हिमाचल प्रदेशाने २०२३ साली जुनी पेन्शन परत आणली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे कर्मचाऱ्यांचे पगार पाच तारखेला आणि पेन्शनी दहा तारखेला द्यायची वेळ आली. सगळा दोष पेन्शनचा होता असं मी म्हणणार नाही, कर्ज आधीचंच होतं. पण अण्णांना एक तारखेला मेसेज आला नाही तर दोन तारखेला ते छत्री घेऊन बँकेत जाऊन उभे राहतात, म्हणून मला ती दहा तारीख विसरता येत नाही.

यातली खरी गोम फार कमी लोक बोलतात. जुन्या पेन्शनवर परत जाणं आजच्या सरकारला महाग पडत नाही, उलट स्वस्त पडतं! नव्या योजनेत सरकारला दुहेरी ओझं आहे. जुन्या पेन्शनरांना तिजोरीतून द्यायचं, आणि नव्या कर्मचाऱ्यांसाठी दरमहा १४ टक्के रोख भरायचे. जुनी योजना परत आणली की ते १४ टक्के भरणं त्याच महिन्यात थांबतं. आणि २००५ नंतर लागलेली बहुतेक मंडळी निवृत्त होणार २०३५ नंतर. तेव्हा खुर्चीत कोण असेल, देव जाणे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधल्या अभ्यासात हेच होतं: सगळी राज्यं जुन्यावर परत गेली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत वर्षाला देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्के जादा भार पडू शकतो. आजची बचत छोटी, उद्याचं देणं डोंगराएवढं.

मग यूपीएस परवडते का? भावाने हाच प्रश्न विचारला, म्हणून एका रविवारी कागद घेऊन बसले. समजा, निवृत्तीच्या वेळी मूळ पगार आणि भत्ता मिळून ९० हजार. निम्मी पेन्शन ४५ हजार, ती भत्त्यासकट वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत पंचवीस वर्षं द्यायची, मग काही वर्षं बायकोला साठ टक्के. गुंतवणुकीवर सात टक्के धरले तर निवृत्तीच्या दिवशी हातात साधारण १ कोटी १५ लाख हवेत. आता जमा किती होतात? कर्मचाऱ्याचे १० आणि यूपीएसमध्ये सरकारचे १४ ऐवजी साडेअठरा, एकूण साडेअठ्ठावीस टक्के, तीस वर्षं. पगार ज्या दराने वाढतो त्याच दराने पैसा वाढला तर ९२ लाख साठतात. पैसा एक टक्का जास्त दराने वाढला तर १ कोटी ७ लाख. म्हणजे जवळपास जुळतं. अगदी जुळत नाही, थोडं खिशातून घालावं लागेल, पण दिवाळखोरी वगैरे नाही. अट एकच. साडेअठ्ठावीस टक्के पहिल्या महिन्यापासून खरोखर भरले गेले पाहिजेत. भावाला पावत्या मिळाल्या नाहीत ती पहिलीच वर्षं होती, आणि चक्रवाढीत पहिल्या वर्षांचा रुपया सगळ्यात मोठा होतो.

(केंद्रातल्या लोकांनी मात्र यूपीएसला फार थंड प्रतिसाद दिला. पर्याय निवडायची मुदत दोनदा वाढवावी लागली. कारण सरळ आहे. एनपीएसमध्ये साठ टक्के रक्कम माणसाच्या हातात येते, यूपीएसमध्ये पूर्ण पेन्शन हवी तर साठलेला पैसा सरकारकडे जातो आणि पेन्शनची हमी मिळते. हमीवर विश्वास किती, ते त्या मुदतवाढीत दिसलं.)

आमच्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका राहतात. लोकांच्या लेखी एसटीही सरकारीच. पण महामंडळ वेगळं, त्यामुळे पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या जोडीने चालणाऱ्या कर्मचारी पेन्शन योजनेची, माझ्यासारखीच. तिचं सूत्र असं की पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर, आणि पगार धरायचा जास्तीत जास्त १५ हजार. पस्तीस वर्षं घासली तरी साडेसात हजार. काकांच्या वेळी पगाराची ती मर्यादा साडेसहा हजार होती, त्यामुळे त्यांना मिळतात तीन हजारांच्या आत-बाहेर. त्यावर महागाई भत्ता नाही, कधीच नाही. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार, ती आजही एक हजार. निवृत्तांच्या संघटना साडेसात हजार अधिक भत्ता मागतायत, आंदोलनं करून थकली ती माणसं. काका आता त्याच एसटीने अर्ध्या तिकिटावर गावी जातात आणि कंडक्टरने सुट्ट्यांवरून वाद घातला की त्याला मनापासून शाबासकी देतात.

अण्णा आणि काका संध्याकाळी एकाच बाकावर बसतात. दोघांचं शिक्षण जवळपास सारखं, कष्ट काकांचे जास्त. एकाला दुसऱ्याच्या दहापट. काका कधी काही बोलत नाहीत. अण्णांनाच अवघडल्यासारखं होतं, म्हणून चहाचे पैसे नेहमी अण्णा देतात.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना तेही नाही. श्रावणबाळ योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात, पण त्यासाठी वय पासष्ट आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला पावणेदोन हजार! ठाण्यात एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा भागत नाही, त्यामुळे ज्याचं पोट खरोखर भरतं तो प्रत्येक म्हातारा या कागदावर श्रीमंत ठरतो. मावशी तेल घेतात, साबण घेतात, मुलगा रिक्षात गॅस भरतो, प्रत्येक वेळी कर भरतात. २०७१ मध्ये त्यांचेही पैसे आहेत. 'करदात्यांच्या पैशावर' म्हणून संपाच्या वेळी ओरडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर करदाता म्हणून मावशी नव्हत्या, एवढं नक्की.

दुसऱ्या बाजूला सरकारने पेन्शनचा खर्च आटोक्यात ठेवायची एक गुपचूप वाट काढलीच आहे. जागा भरायच्याच नाहीत, भरल्या तर ठेकेदारामार्फत. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेकडून भरतीचा शासन निर्णय निघाला, ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात रद्दही झाला. निर्णय रद्द झाला, पद्धत चालूच आहे. सकाळी ट्रेन पकडायला निघते तेव्हा रस्ता झाडणाऱ्या बायका दिसतात, अंगावर जॅकेट पालिकेचं, हजेरी ठेकेदाराची. ठेकेदार बदलला की पीएफचं खातं शोधत फिरायचं. कायम कर्मचाऱ्यांची पेन्शन परवडावी म्हणून यांना पेन्शनच नाही. याला मी काटकसर म्हणणार नाही.

आणि जूनमध्ये अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी वर्षाला ४६ हजार कोटी निघू शकतात, तेव्हा परवडण्याचा प्रश्न कुणी विचारत नाही, असं भाऊ म्हणतो. २०२४ च्या त्या घोषणेवर तो अजून चिडलेला आहे. मी त्याला म्हटलं, मावशींना ते दीड हजार मिळाले असते तर मला आनंदच झाला असता, पण वयाच्या अटीत त्या बसल्या नाहीत. पासष्टच्या पुढे लाडकी बहीण नाही, २१ हजारांच्या वर श्रावणबाळ नाही. आमच्या मावशी दोन्हींच्या मधल्या फटीत.

माझं म्हणणं अण्णांनाही पटत नाही आणि भावालाही. अण्णांच्या पिढीची पेन्शन एक पैसाही कमी न करता द्यावी, कारण ते देणं आहे. न साठवण्याची चूक सरकारची, कारकुनाची नाही. भावाच्या पिढीला निम्म्या पगाराची हमी द्यावी, पण साठवून. निधी न ठेवता जुनी पेन्शन परत आणणं म्हणजे माझ्या मुलाच्या नावावर, त्याला न विचारता, बिल फाडणं. भाऊ म्हणतो, तू सरकारची भाषा बोलतेस. अण्णा म्हणतात, तू युनियनची भाषा बोलतेस.

केंद्राचा आठवा वेतन आयोग बसलाय. त्याच्या कार्यकक्षेत विनाअंशदान, म्हणजे पगारातून काही न कापता मिळणाऱ्या, पेन्शनच्या न साठवलेल्या खर्चाचा विचार करा असं लिहिलंय म्हणून पेन्शनरांच्या संघटना खवळल्या आहेत. जुन्या पेन्शनीला कात्री लावायचा तो रस्ता असेल तर त्यांचं खवळणं बरोबरच. पण त्या निमित्ताने ते देणं एकदा मोजलं गेलं तर मला हवंच आहे. राज्याच्या अर्थसंकल्पातही दरवर्षी एक पान असावं: आजवर झालेल्या नोकरीपोटी एवढं पेन्शनचं देणं, त्यापैकी एवढं साठवलंय, एवढं बाकी. रबाळ्याच्या दीडशे माणसांच्या कंपनीला जे कायद्याने करावं लागतं ते सतरा लाख माणसांच्या मालकाला जड जाऊ नये.

तोवर भावाला एक काम लावून दिलंय. दर तिमाहीला खात्याचं स्टेटमेंट काढायचं, स्वतःचे दहा टक्के आणि सरकारचा हिस्सा महिन्यागणिक जुळवायचा, एखादा महिना गायब दिसला तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज, पोच घेऊन. त्याच्या ऑफिसातली आणखी काही जणं आता ते करतात. जुन्या पेन्शनचा पर्याय मिळालेला समोरच्या टेबलावरचा तो सहकारीही या कामात त्यांना मदत करतो. अर्ज कसा लिहिला की टाळता येत नाही, हे अण्णांनी शिकवलंय.